हजेरी लिहिणाऱ्याची नोकरी

आमचा तालुका केळापूर, पण तहसील, कोर्ट, बाजार, जिनिंग सगळं पांढरकवड्याला. केळापूरला जगदंबेचं देऊळ. बाहेरून आलेल्या माणसाचा यात हमखास घोळ होतो. नागपूर-हैदराबादचा मोठा रस्ता इथून जातो, खुनी नदी वाहते, आणि चारी बाजूनं काळी जमीन, तिच्यात पऱ्हाटी. दसऱ्यापासून होळीपर्यंत वेचणी चालते. तोवर मजुराच्या हाताला काम असते. होळी पेटली की वावरं रिकामी, आणि मृग लागेपर्यंत तीन-साडेतीन महिने मजुराचे कोरडे.

या कोरड्या महिन्यांत आमच्या भागातल्या चुली कशा पेटल्या याचा इतिहास सांगायचा, तर रोजगार हमीचं नाव घ्यावंच लागते. लोक 'रोहयो' म्हणतात, म्हाताऱ्या बाया अजून 'हमीचं काम' म्हणतात. त्या कामावर मी तीन उन्हाळे हजेरी लिहिली, 1982 पासून. कागदोपत्री आमचं नाव 'हजेरी सहायक', बोलण्यात 'मस्टर कारकून', आणि मजुरांच्या तोंडी नुसतं 'बाबू'. योजनेबद्दल, मजुरांबद्दल, घोटाळ्यांबद्दल पुष्कळ लिहून आलं. मस्टर हातात धरून उन्हात बसलेल्या पोराबद्दल मला फारसं वाचायला मिळालं नाही, म्हणून हे लिहितो.

दुष्काळात सरकारनं काम काढायची रीत जुनी आहे. 1880 च्या दुष्काळ आयोगानंतर इंग्रजांनी दुष्काळाचे नियम लिहून काढले. पुढे 1896-97 आणि 1899-1900 असे दोन मोठे दुष्काळ वऱ्हाडावर आले. तेव्हा आमचा जिल्हा वणी जिल्हा होता, यवतमाळ हे नाव 1905 चं. माझा आजा त्याच्या बापाकडून ऐकलेलं सांगे, की रस्त्याच्या कडेला माणसं ओळीनं बसवत आणि खडी फोडून घेत. काम कधी काढायचं, कधी बंद करायचं, हे साहेब ठरवे. दुष्काळ जाहीर झाला तर काम. नाही झाला तर उपाशी माणसानं कोणाकडं जायचं?

1972 चा दुष्काळ पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्यानं जास्त भोगला. झळ आम्हालाही लागली. मिलोची लाल भाकर खाल्लेली माणसं माझ्या वयाची आहेत, विचारून पाहा. त्या वेळी मुख्यमंत्री वसंतराव नाईक, आमच्याच जिल्ह्यातल्या पुसदकडचे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे. पागे सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे, आणि मागेल त्याला काम ही कल्पना त्यांनी आधी तिकडंच करून पाहिली होती. तीच पुढे राज्याची योजना झाली. 1977 मध्ये कायदा मंजूर झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. खेड्यातल्या सज्ञान माणसानं अंगमेहनतीचं काम मागितलं, तर पंधरा दिवसांत ते द्यायचं. नाही दिलं तर बेकारी भत्ता द्यायचा. बाईला आणि माणसाला दर एकच. पैसा उभा करायला शहरातल्या नोकरदारांवर, धंदेवाल्यांवर व्यवसाय कर बसवला. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून कापलेले दोन पैसे आमच्या पोडावरच्या कोलाम बाईच्या हातात पडावेत, अशी ती जुळणी. दुष्काळ जाहीर होण्याची वाट पाहायची गरज उरली नाही. काम मागणं हा हक्क झाला.

पण हक्क झाला तरी तो रोजच्या रोज कुठंतरी लिहावा लागतो. तो लिहायला माणूस पाहिजे, आणि कामं तर गावोगाव निघालेली. पाटबंधारे, बांधकाम, मृदसंधारण, वन, जिल्हा परिषद, सगळ्यांची. पक्का कारकून उन्हात दिवसभर बसायला मिळत नाही. म्हणून दहावी झालेली, पोटापुरती शेती असलेली आमच्यासारखी पोरं तात्पुरती घेतली गेली. मला जो कागद मिळाला, त्याचा मतलब एवढाच होता की काम असेपर्यंत तुम्ही आहात.

मायनं मात्र गावभर सांगितलं, पोराले सरकारी नोकरी लागली. दोन सोयरिकीही चालून आल्या. बाबा काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "मिरगाच्या आधी येजो, वखरपाळी हाय."

पहिल्या कामावर गेलो तो नाला-बांध होता, एका पोडाच्या खालच्या अंगाला. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. सामान म्हणजे एक पत्र्याची पेटी, तिच्यात मस्टर, शाईचा पॅड, फूटपट्टी, मोजायचा टेप, आणि भाकरीचं फडकं. खुर्ची नाही. पळसाच्या सावलीत एक दगड, तेच ऑफिस. सावली सरकली की ऑफिसही सरकवायचं.

पहिल्या आठवड्यात मला नावंच लिहिता येईनात. आत्राम, टेकाम, मडावी, तीच तीच आडनावं, आणि नावंही तीच. एका गँगमध्ये एकाच नावाचे तिघं निघाले. बापाचं नाव लावावं तर दोघांच्या बापाचंही एकच. शेवटी कुणाचं घर विहिरीजवळ, कुणाचं मोहाखाली, असं कच्च्या वहीत लिहून ठेवलं. बायांचं त्याहून अवघड. नवऱ्याचं नाव घ्यायची नाही, स्वतःचं सांगायची लाज. मुकादम म्हणे, लिहा ना नवऱ्याच्याच नावासमोर. पण मजुरी ज्याच्या नावानं, त्याच्या हातात. नवरा पैसे घेऊन परस्पर बाजार गाठायचा, आणि बाई सहा दिवस माती वाहून रिकामी. म्हणून तिचं नाव वेगळं आणि तिचा अंगठा वेगळा. एक म्हातारी रोज विचारी, "बाबू, माहं नाव लिवलं का?" मी म्हणे, "लिहिलं, मावशी." ती म्हणे, "दाखव." तिला अक्षर येत नव्हतं. तरी ती ओळ पाही, तिच्यावर बोट ठेवी, आणि मगच टोपलं उचली.

काम समजायला मला महिना लागला. बाहेरच्या लोकांना वाटते, हमीच्या कामावर दिवस भरला की मजुरी. तसं नव्हतं. मजुरी कामाच्या मापावर होती. आठ-दहा जणांची गँग, तिला एक खंती आखून द्यायची. खंती म्हणजे माती खोदायचा चौकोन. खोदताना मध्ये मातीचा एक खुंटा तसाच सोडायचा, म्हणजे खड्डा किती खोल गेला ते नंतर मोजता येते. माती मऊ की मुरूम कठीण, किती लांब वाहून नेली, किती उंच चढवली, त्यावर दर. आठवड्याच्या शेवटी ओव्हरसियर येऊन लांबी-रुंदी-खोली घेई, मोजमाप पुस्तकात चढवी. त्यातून गँगची एकूण रक्कम निघे, आणि ती रक्कम वाटायची हजेरीप्रमाणे. इथंच आमच्या हातातल्या मस्टरला किंमत होती.

एक साधा हिशेब सांगतो. दहा माणसांची गँग सहा दिवस राबली, म्हणजे साठ हजेऱ्या. मापाप्रमाणे तीनशे रुपये निघाले, तर एका हजेरीला पाच रुपये. आता त्याच मस्टरवर न आलेल्या एकाचं नाव सहा दिवस चढवलं. हजेऱ्या झाल्या सहासष्ट. तीनशेला सहासष्टानं भागा, साडेचार रुपये आणि वर चार पैसे येतात. म्हणजे खऱ्या राबलेल्या प्रत्येकाचे आठवड्याला पावणेतीन रुपये गेले, अर्ध्या दिवसापेक्षा जास्त मजुरी. पेपरात येई की बोगस मजूर दाखवून शासनाला फसवलं. माप फुगवून नावं चढवली, तर शासनाला फसवलंच. पण माप तेच ठेवून नाव चढवलं, तर ते पैसे शेजारी घाम गाळणाऱ्या बाईच्या पदरातून जात होते. तिला हे कधी कळत नसे. तिला इतकंच दिसे, की औंदा मजुरी कमी पडली, माती कठीण असंल.

मला हे शिकवलं ते माझ्याआधी चार वर्षं हजेरी लिहिणाऱ्या एका माणसानं. त्याची पद्धत सोपी होती. सकाळी सगळे गोळा झाले की मस्टर मोठ्यानं वाचायचं, दुपारच्या सुट्टीनंतर पुन्हा वाचायचं. नाव घेतलं की "हाय" म्हणायचं. चौथ्या दिवशी एखादं नाव घेतलं आणि कोणीच "हाय" म्हटलं नाही, तर चाळीस माणसं मान वर करून पाहतात. तो म्हणे, "आपल्याले भांडाची गरज नाही. आपण फक्त वाचाचं." खाडाखोड करायची नाही, चुकलं तर आडवी रेघ मारून सही करायची. रिकामी ओळ ठेवायची नाही, शेवटच्या नावाखाली रेघ ओढून टाकायची. रिकामी ओळ म्हणजे उघडं दार.

दुसऱ्या उन्हाळ्यात एका कामावर दोन नावं चढवायचा आग्रह मला झाला. कोणाचा, ते सांगण्यात आता अर्थ नाही. मी नाही म्हटलं नाही आणि हो पण म्हटलं नाही. सकाळी मस्टर मोठ्यानं वाचलं, एवढंच. आठ दिवसांनी मला तालुक्याच्या दुसऱ्या टोकाच्या रस्त्याच्या कामावर पाठवलं. सायकलनं जाणं-येणं होईना, म्हणून एका शाळेच्या व्हरांड्यात मुक्काम पडला. तात्पुरत्या माणसाला हलवायला कारण द्यावं लागत नाही. पक्क्या नोकरीत बदलीचा हुकूम निघतो, आम्हाला निरोप यायचा.

आमची जागाच तशी होती. मजूर 'बाबू' म्हणत, ऑफिसातले 'अरे' म्हणत. मजुरांसोबत भाकर खाल्ली तर मुकादमाला खटके, ऑफिसात बाकावर बसलं तर शिपायाला. एप्रिलात मोह पडू लागला की अर्धी गँग पहाटे जंगलात, दहाला कामावर. नियमाप्रमाणे त्यांची अर्धी हजेरी. पण मोह आठ-पंधरा दिवसच पडतो, तो सोडून कोणी येत नाही, आणि येऊही नये. मे महिन्यात तेंदूपत्ता सुरू झाला की मस्टर आणखी पातळ. वर ऑफिसातून विचारणा, मजूर का कमी? कामाला पन्नास मजूर तरी पाहिजेत, नाही तर काम बंद करावं लागेल. मी उत्तर लिहून पाठवी, मजूर तेंदूपत्त्याला गेले आहेत, आठ दिवसांत येतील. आठ दिवसांत ते येत. जंगलाची तारीख आणि कचेरीची तारीख वेगळी चालते, आणि दोन्हींचा मेळ घालायला कोणी नेमलेलं नसते. ते काम हजेरीवाल्याकडंच येई. ते माझ्या कागदात कुठं लिहिलेलं नव्हतं.

पगारवाटपाचा दिवस सगळ्यात जड. पैसे वेळेवर येत नसत. पंधरा दिवसांचे पैसे महिन्यानं, कधी त्याहून उशिरा. ज्यांनी उशीर केला ते दूर ऑफिसात. समोर दिसणारा मी. संध्याकाळी पोडावरून चार माणसं येऊन नुसती बसायची, बोलायची नाहीत. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. माझेही पैसे अडकलेलेच असत, पण ते त्यांना सांगायची सोय नव्हती. त्यांना काय वाटेल, बाबूच उपाशी तर आपलं काय?

तरीही मी त्या कामात रमलो हे खरं. तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत कोलामीतले पाच-पन्नास शब्द यायला लागले. कोणती गँग किती माती काढेल, ते नुसतं पाहून सांगता येई. आम्ही बांधलेल्या त्या नाल्यात पहिल्या पावसाचं पाणी थांबलं ते पाहायला मी मुद्दाम गेलो होतो. खालच्या विहिरीला त्या वर्षी माघापर्यंत पाणी टिकलं. लोक म्हणतात रोहयोनं नुसते खड्डे खोदले. काही ठिकाणी तेच झालं. पण आमच्या भागातले कितीतरी पाझर तलाव, बांध, वावरात जायचे रस्ते या टोपल्यांनीच झाले, आणि ते केलेल्या बायांची नावं जुन्या मस्टरांशिवाय दुसरीकडं कुठं नाहीत.

1985 च्या सुरुवातीला बाबांची तब्येत बसली आणि वावर माझ्याकडं आलं. मी काम सोडलं. सोडायला राजीनामा लागत नव्हता, पुढच्या कामाला गेलो नाही की झालं. माझ्यासोबतचे काही टिकून राहिले. 1988 मध्ये राज्यात किमान मजुरीचे दर दुप्पट झाले, त्यासोबत हमीचे दरही वाढले. मजूर खूश झाला, पण मागणीला पुरतील इतकी कामं पुढं निघाली नाहीत, आणि हजेरी खाली आली. कामं कमी झाली की हजेरीवाल्याचं पोट कशावर चालणार? दहा-दहा, बारा-बारा वर्षं काढलेली माणसं काम असेपर्यंतच्याच कागदावर होती. त्यांनी संघटना केली, मोर्चे काढले, कोर्टात गेले. नव्वदच्या दशकात त्यांना सरकारी सेवेत टप्प्याटप्प्यानं सामावून घ्यायचे निर्णय झाले. कोणी शिपाई झाला, कोणी चौकीदार, कोणी लिपिक. मग पुढचा वाद, आधीची मस्टरवरची वर्षं पेन्शनला धरायची की नाही. माझा एक सोबती या वादातच निवृत्त झाला. दुसऱ्यांची हजेरी त्यानं वर्षानुवर्षं लिहिली, आणि त्याची स्वतःची कोणत्या वर्षापासून धरायची, हे वकिलाला विचारावं लागलं.

विचार केला तर यात एक मोठी गंमत आहे, आणि दुःखही आहे. देशात कामाची हमी देणारं पहिलं राज्य आपलं. ती हमी मजुराला होती, आणि ती मजुरापर्यंत पोचवणाऱ्याला कोणतीच नव्हती. कायदा करणाऱ्यांच्या मनात खोट होती असं मी म्हणत नाही. योजना तात्पुरत्या माणसांवर उभी केली की ती स्वस्त पडते. पण तात्पुरत्या माणसाला 'नाही' म्हणणं महाग पडते, हे कोणी हिशेबात धरलं नाही. बोगस मस्टरांवर चौकश्या झाल्या, आणि त्यात कारकून अडकलेही. त्यांतले काही बदमाश होते. काही नुसतेच भित्रे होते, कारण पुढच्या सोमवारी आपण कामावर आहोत की नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं.

2005 मध्ये दिल्लीनं देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला. 2 फेब्रुवारी 2006 ला तो पहिल्या दोनशे जिल्ह्यांत सुरू झाला, त्यात यवतमाळ होता. महाराष्ट्राच्या अनुभवाचा त्याला आधार होता, याचा मला अभिमान वाटतो. आता मजुरी बँकेच्या खात्यात जाते. हजेरीवाला गेला, त्याच्या जागी ग्रामरोजगार सेवक आला. माझा पुतण्या काही वर्षं ते काम करत होता. त्याच्या हातात पेटीऐवजी मोबाईल. 1 जानेवारी 2023 पासून सार्वजनिक कामांवरची हजेरी मोबाईलच्या ॲपवर झाली, दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो काढून. फोटो खोटं बोलत नाही, असं सांगतात. असेल. पण जंगलालगतच्या पोडावर नेटवर्क मिळत नाही. पुतण्या मोबाईल वर धरून टेकडीवर चढे, आणि खाली बाया टोपली ठेवून उभ्या राहत. फोटो चढला तर दिवस भरला. नाही चढला तर त्या दिवशी खणलेली माती कागदावर नाही. आणि पुतण्या मानधनावर, तेही तुटपुंजं, तेही उशिरा.

मी त्याला एकदा विचारलं, "फोटो नाही चढला त्या दिवशी काय करतं रे?"

तो म्हणाला, "काका, मी एक वही ठेवली हाय. त्याच्यात नावं लिहितो, अन् सायंकाळी सगळ्यायले वाचून दाखवतो."

ही वही कोणत्या नियमात बसत नाही, तिच्यावर पैसेही निघत नाहीत. पण ती दाखवून त्यानं दोन वेळा पंचायत समितीत भांडून गेलेले दिवस परत लावून घेतले. मी त्याला ही पद्धत सांगितली नव्हती. ज्याला समोरची माणसं नावानिशी ओळखू येतात, त्याला ती आपोआप सुचत असावी. सरकार कोणतंही असो आणि यंत्र कोणतंही असो, राबलेल्या माणसाचा दिवस लिहायला शेवटी एक माणूस लागतोच. त्याला कामावर ठेवताना पुढच्या सोमवारची काळजी राहणार नाही एवढं जरी पाहिलं, तरी अर्धी मस्टरं सरळ राहतील.